अंगठ्याचं नख

रविवार, ७ एप्रिल

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकलं नसलंस तर बरं. तुझा पत्ता जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिला. देताना तोंड असं केलं की जणू मी फरारी माणसाचा ठावठिकाणा विचारतोय. फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. पत्रात माणसाला हवं तेवढंच बोलता येतं.

काम एवढंच आहे. कोरड्या भागातून मेंढ्यांचा नवा कळप आणलाय आणि त्यांच्या अंगावर गोचीड फार आहेत. कानात, शेपटीखाली, मांडीच्या खोबणीत, हात लावावा तिथे. मेंढ्या मात्र धडधाकट आहेत, चारा खातात, ढुशा देतात. फवारायचं औषध कुठलं आणि ते किती पाण्यात घालायचं, तेवढं लिहून पाठव. तुझ्या जागी जो नवा डॉक्टर आलाय त्याला विचारलं तर तो आधी कळप अडवेल आणि मग औषधाचं नाव सांगेल. ही रीत बाजारात कुणी पाडली, ते तुला सांगायला नको.

आबांना ताप आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस, साधा ताप आहे. एकाएकी भरला. अंग ठणकतंय, मान वळत नाही, उजेड नको म्हणतात. डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडलेत आणि पडल्या पडल्या मुकादमाला शिव्या घालतात, म्हणजे फार काही नसावं. मुकादम अजून तोच आहे, आपल्या दोघांना खांद्यावर बसवून बाजार दाखवायचा तो. आता त्याचेच खांदे दुखतात.

या वयातही कळप आला की आबा एकेक मेंढी स्वतः चाचपतात. गोचीड दिसला की उपटायचा आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायचा. सुरी लावायच्या आधी जनावर स्वच्छ हवं, हा त्यांचा हट्ट. गिऱ्हाईक उभं असलं तर मुद्दाम त्याच्या देखत फोडतात. बाकीचे खाटीक कसेही काम उरकतात, आमच्याकडे बघा, असा त्यांचा तोरा असतो. हातमोज्यांचं नाव काढलं की भडकतात. मूठ कातड्याखाली सरकवली की सांध्यांना कळतं पडदा कुठे सुटतोय ते, रबराला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर आपल्या कत्तलखान्यातून फाटकं कातडं कधी बाहेर गेलेलं नाही.

तुझं नाव घरात निघत नाही. निघालंच तर ‘ती डॉक्टरीणबाई’ म्हणून निघतं. बाजाराच्या फाटकात तू पहिला कळप अडवलास तो सख्ख्या बापाचा, म्हणजे वशिल्याचा बट्टा नको. पंधरा दिवस वेगळे ठेवा, फवारा, मग कापा. गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजारात गेली, माणसं काम सोडून गेली, आणि आबा त्या हंगामातून उठले ते म्हातारे होऊन. मी त्या दिवशी फाटकापाशीच होतो. तू माझ्याकडे न बघता मेंढ्यांचे कान उलटून बघत होतीस.

माझं लग्न झालं. तुला बोलावलं नव्हतं, म्हणून आता कळवतो. ही स्वभावाने शांत आहे. आबांचं सगळं तीच करते.

औषधाचं नाव तेवढं पाठव.

तुझा धाकटा भाऊ


शनिवार, १३ एप्रिल

ताई,

मी औषधाचं नाव मागितलं होतं, तू वटहुकूम पाठवलास.

वाचला. मेंढीला काही होत नाही, ती ठणठणीत दिसते, पण विषाणू तिच्या रक्तात असू शकतो आणि गोचिडाच्या पोटातही. गोचीड फोडला की तो नखाखालच्या चिरांतून माणसाच्या अंगात जातो. मग माणसाला ताप, मग रक्त. मग त्या माणसाच्या रक्ताला, उलटीला उघडा हात लागला की तो दुसऱ्याच्या अंगात. आबांना आजच्या आज मोठ्या रुग्णालयात हलवा, आणि तिथे पाऊल टाकल्याबरोबर सांगा की आमचा धंदा कत्तलखान्याचा आहे. त्यांचे कपडे उघड्या हाताने धुवायचे नाहीत. शेवटी दोनदा रेघ मारून लिहिलंस, हे घरात सगळ्यांना सांग. पानभर मजकूर, ताई, आणि ‘आबा कसे आहेत’ एवढे तीन शब्द त्यात नाहीत. मेंढ्यांची चौकशी मात्र दोनदा आहे.

तरी सांगतो. हिरड्यांतून रक्त येतंय. हिने उठवायला दंड धरला की तिथे बोटांचे काळेनिळे डाग उमटतात आणि जात नाहीत. काल उलटी झाली ती काळी होती. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, पित्ताचा जुना त्रास आहे आणि परवा न्हाणीत घसरले. दोन्ही गोष्टी निम्म्या निम्म्या खऱ्या आहेत. डॉक्टरांनी पित्ताचं औषध लिहून दिलं.

लगेच नाक वर करू नकोस. हंगामाचा मोठा बाजार तोंडावर आलाय. त्या तापाचं नाव एकदा तोंडातून निघालं की फाटकाला कुलूप. मागच्या वेळी निदान कुणी आजारी नव्हतं, या वेळी तर गिऱ्हाईक आपल्या सावलीलाही उभं राहणार नाही. कामावरची माणसं कुठे जातील? तू म्हणशील, जीव महत्त्वाचा. तू नेहमी बरोबरच म्हणतेस. तुझं बरोबर असणं आपल्या घराला कधी परवडलं नाही.

मी आबांना मोठ्या रुग्णालयाचं विचारलं नाही असं समजू नकोस. त्यांनी फडकं बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झालेत त्यांचे.

“तिथे नेलंस की तिला कळणार,” ते म्हणाले.

“कळू दे की.”

“मग ती कुलूप घेऊन येईल. एकदा आली होती तेवढी पुरे. मला इथेच राहू दे.”

त्यांना उचलून न्यायचं तर मुकादमाला हाक मारावी लागली असती आणि का नेतोय ते सांगावं लागलं असतं. मी हाक मारली नाही.

हिला सगळं सांगितलंय, काळजी नसावी. हातमोजेही आणलेत.

धाकटा


शुक्रवार, १९ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

आबा मंगळवारी गेले. हे तुला आधीच कळलंय, आणि कसं कळलं तेही मला समजलंय.

शेवटी नाकातून रक्त थांबेना. ही उशाशी बसून पुसत होती. एक फडकं भिजलं की दुसरं घ्यायची आणि पहिलं बादलीत पिळून वाळत टाकायची. आबा तिला म्हणाले, पोरी, तुझा हात गार आहे, कपाळावरच असू दे. तुझ्याबद्दल काही बोलतील म्हणून मी जवळ थांबलो होतो. बोलले नाहीत. मेंढवाड्याचं फाटक लावलंय का, एवढं विचारलं.

मुकादमाने त्यांना आंघोळ घातली. मी हातमोजे पुढे केले तर म्हणाला, “जन्मभर त्यांच्या हाताखाली राबलो, आता मधे रबर कशाला घालतोस?” मी हातमोजे परत खिशात ठेवले. त्याने आबांची नखंसुद्धा घासून साफ केली. जन्मभर स्वच्छ राहिलेला माणूस आहे, स्वच्छच जाऊ दे, म्हणाला.

घरात माणसं बसलेली असताना तुझ्या आरोग्य खात्याची गाडी दारात उभी राहिली. तोंडाला बांधलेली दोन माणसं उतरली आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मयताला रक्तस्राव झाला होता का, जनावरांशी संबंध काय. तू आली नाहीस. तू कळवलंस. बापाला ताप आल्याचं लेकीला पत्रातून कळतं, आणि लेक दुसरं पत्र लिहायला घेते ते खात्याला. भेटायला यायचं सोडून तक्रार करायची, हे तुलाच जमतं. मी त्यांना सांगितलं, पित्त होतं, पोटात फुटलं, डॉक्टरांची चिठ्ठी बघा. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि गेले. कोण कोण बसलंय ते मात्र लिहून नेलं.

कत्तलखाना चालू आहे. मोठा बाजार रविवारी आहे आणि तो होणार. तू या पत्राला उत्तर पाठवू नकोस. आता बाप नाही, म्हणजे आपल्या दोघांत काही उरलं नाही.

मी सही करत नाही. अक्षर ओळखतेस.


बुधवार, २४ एप्रिल

ताई,

ये.

मुकादमाला ताप आहे आणि हिलाही आहे. सोमवारी सकाळी ही भांडी घासता घासता भिंतीला टेकली आणि म्हणाली, उजेड डोळ्यांत टोचतोय. आबांचे शब्द. मी तिला आणि मुकादमाला एकाच गाडीत घातलं आणि मोठ्या रुग्णालयात नेलं. दारातच ओरडून सांगितलं, आमचा कत्तलखाना आहे, बाप याच तापाने गेला, आम्ही लपवलं. नर्स चार पावलं मागे सरकली आणि मग भराभर कामाला लागली. आता दोघं काचेच्या आत आहेत. रक्त तपासायला गेलंय, पण डॉक्टर वाट बघत थांबले नाहीत, औषध सुरू केलंय.

मी तुला लिहिलं होतं की हिला सगळं सांगितलंय. सांगितलं नव्हतं. तिने मला विचारलं होतं, ताई. तुझं उत्तर आलं त्याच दुपारी, आबांचे सदरे बादलीत भिजत घालताना तिने विचारलं, “हे एवढं रक्त जातंय, मला काही जपायला हवं का?” तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, “छे, पित्ताचं रक्त ते.” ती बरं म्हणाली आणि बाह्या वर सारून बसली. भीती वाटली तर ती माहेरी जाईल, मग आबांकडे कोण बघेल, आणि माहेरी गेली की गावभर होईल, एवढं सगळं मी तेवढ्या वेळात मनात जुळवलं होतं. हातमोजे आणले होते, ते तिच्या हातात दिलेच नाहीत. दिले असते तर तिने कारण विचारलं असतं.

काल काचेपलीकडून तिने नर्सच्या फोनवरून मला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हटलं. तिने फोन नर्सला परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी फाटकाला कुलूप लावलंय. कुणी सांगितलं म्हणून नाही. रविवारचा बाजार आम्ही जोरात केला होता, तेही तुला कळायला हवं. कुणी कुणी कापलं, कुणी कुणी नेलं, सगळं मी तुझ्या खात्याला सांगितलंय. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तू ये.

धाकटा


गुरुवार, ९ मे

ताई,

तू येऊन गेलीस आणि आपण धड बोललोही नाही, म्हणून लिहितो.

मला घरातच कोंडून ठेवलं होतं, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि फोनवर सांगायचा. खिडकीतून मेंढवाडा दिसतो. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली चार माणसं आली, त्यांतली तू कोणती ते आधी कळेना. मग एकीने मेंढी गुडघ्यात धरली, कान उलटला आणि खोबणीत बोट न घालता चिमट्याने गोचीड अलगद सोडवून नळीत टाकला. फोडला नाही. मी उठून कुंपणापर्यंत आलो.

“तिथेच थांब,” तू म्हणालीस. किती वर्षांनी ऐकला तुझा आवाज, आणि पहिलं वाक्य काय तर तिथेच थांब.

“ताप नाही मला,” मी म्हटलं.

“आज नाही. अजून दिवस पुरे व्हायचेत. खाल्लंस का?”

“खाल्लं.”

“खोटं बोलू नकोस.”

“नाही खाल्लं.”

तू दुसऱ्या मेंढीकडे वळलीस. तुझं काम थांबत नाही हे बघून मला तेव्हाही संताप आला, खरं सांगतो. मी मुद्दाम म्हटलं, आबा गेले त्याला तेरावा दिवस आहे आज. तू म्हणालीस, “मला माहीत आहे. शेवटी काही म्हणाले का माझ्याबद्दल?”

तुला हवं ते एक वाक्य मी बनवून देऊ शकलो असतो. कुणी खोटं पाडणार नव्हतं, आणि बनवून बोलण्यात माझा हात चांगला बसलाय. पण त्या कुंपणापाशी जीभ रेटेना.

“नाही,” मी म्हटलं. “मेंढवाड्याचं फाटक विचारलं.”

“बरं,” तू म्हणालीस, आणि नळीचं झाकण लावलंस. चष्म्याच्या आतून तुझे डोळे दिसत नव्हते. त्यावर बाहेरून पाण्याचे ओघळ होते की आतून, मला समजलं नाही आणि तू पुसूही शकत नव्हतीस.

त्याच संध्याकाळी मुकादम गेला. त्याला औषध उशिरा मिळालं. तीन दिवस तो अंग दुखतंय म्हणत कामावर आला होता. मोठा बाजार होता ना. त्याला आंघोळ घालायला कुणाला परवानगी नव्हती. पिशवीतच नेला, आणि त्याची बायको रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. आता ती मला दारात उभं करत नाही. मी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदाही जाईन.

ही वाचली. तू रोज काचेपाशी जाऊन बसायचीस, हे मला नर्सने सांगितलं. काय बोलत होतात तुम्ही दोघी? तुम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं कधी. नर्स म्हणाली, पहिले दोन दिवस नुसत्या बसायच्या, तिसऱ्या दिवशी आतली हसली. कशावर हसली ते कळव. माझ्यावर हसली असली तरी कळव.

माझे दिवस काल पुरे झाले. मला काही झालं नाही, ताई. उलटीची बादली मी एकदाही उचलली नव्हती, मग होणार कसं?

धाकटा


मंगळवार, ११ जून

ताई,

रुग्णालयाच्या दारात मी गाडी घेऊन उभा होतो. तिचं सामान जाळून टाकलं होतं, म्हणून नवे कपडे घेऊन गेलो होतो. तिने कपडे घेतले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तुझ्या गाडीत बसली. माहेरच्यांनी फोनवर तिला सांगितलं होतं, थोडे दिवस जाऊ दे, मग ये, इथे शेजारपाजारी घाबरलेत. आणि माझ्याकडे यायचं नव्हतं. मग राहिलं कुणाचं घर, तर ज्या नणंदेचं नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं तिचं. आबांना हे कळलं असतं तर त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं असतं.

इकडचं सांगतो. उरलेला कळप तू म्हणालीस तसा वेगळा ठेवला, फवारला, दिवस भरल्यावरच सुरी लावली. नव्याने कामाला आलेली दोन माणसं आहेत. परवा त्यांतला एक गोचीड नखात धरून उभा होता, मी त्याच्या मनगटावर फटका मारला. तो म्हणाला, “शेठ, मला वाटलं तुमच्याकडे असंच करतात.” खरंच आहे, आपल्याच कत्तलखान्याकडे बघून सगळा बाजार शिकला. म्हणून मी आता बुधवारी बाजाराच्या फाटकात उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक खाटकाला सांगतो, फोडू नका, हातमोजे घाला, ताप आला तर धंदा लपवू नका. काही ऐकतात. काही म्हणतात, बापाला मारून आता शहाणपणा शिकवायला आलाय. मी पुढच्या खाटकाकडे वळतो. हातमोज्यांत मूठ नीट सरकत नाही, हे आबांचं म्हणणं मात्र खरं होतं. कातडी फाटतात. फाटू देत.

तुझं पत्र काल मिळालं. नेहमीसारखं आखूड. तिची भूक परतलीय, केस अजून गळतात, तुझ्या दवाखान्यात नोंदी लिहायला बसते. आणि शेवटी तू लिहिलंस, ती एकच विचारते आहे, आणखी काय काय सांगितलं नाही मला?

आता दुपार झाली, आणि मी सकाळपासून या एका ओळीसमोर बसलोय. सगळं आठवून पाहिलं. लग्नाच्या दिवसापासूनचं. फुटकळ गोष्टी आहेत, नवरे बोलतात तसल्या थापा, त्या मी वेगळ्या कागदावर लिहून पाठवीन, एकही न गाळता. पण त्या बादलीसारखं दुसरं काही नाही. खरंच नाही, ताई.

मी हे तिला सांगितलं तर ती कशाच्या भरवशावर खरं मानेल? त्या दुपारीही मी असाच बोललो होतो, अगदी सहज, आणि तिने खरं मानलं होतं.

म्हणून तू सांग. तुला पटलं तरच सांग, नाही तर सांगू नकोस. तू खोटं बोलत नाहीस हे तिला एव्हाना कळलं असेल. आम्हाला तर ते पहिल्यापासून माहीत होतं. आमचा तुझ्यावर राग होता तो त्याचाच.

धाकटा